समई डावीकडे होती

प्रीती, तू आधी फक्त ऐक ना, मध्ये बोलू नको.

पप्पा गेले ते तुला माहितीये, पण कसे गेले ते मी कोणालाच सांगितलं नाही. अपेंडिक्स होतं गं, बस. डॉक्टर बोलले, आजच ॲडमिट करा, फुटलं तर कठीण. पण आई कोकणातली, कौल लावल्याशिवाय काहीच करत नाही. दिवा ईस्टच्या आमच्या खोलीत तो काळ्या दगडाचा देव आहे ना, त्याच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

पप्पा पोट धरून पण हसत आईला बोलले, "नीला, रिक्षा मिळेल का तेपण विचार."

"गप बसा हो, देवाची कसली चेष्टा!"

डावी पडली. आम्ही गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या गेटवर, रिक्षातच गेले पप्पा.

आणि ऐक, कौलाच्या दिवशी पाणी आलेलं. मी सगळे हंडे भरून देवाच्या उजवीकडे ठेवले, म्हणून समई डावीकडे सरकवली. मी. तेरावं झालं नि डोक्यात किडा शिरला. आई बाजारात गेलेली, मी पाकळ्या लावल्या. समई डावीकडे, तर तिच्या धगीने डावी आधी सुकून पडते. उजवीकडे, तर उजवी. सात वेळा केलं गं! आमची समई कायम उजवीकडे, म्हणून देव आम्हाला कायम 'हो'च बोलत आलेला.

मी तिथेच रडत बसली. ज्याने समुद्र केला, पप्पांचं हसणं केलं, ज्याच्यासारखं दुसरं काहीच नाही, त्याला आम्ही वीतभर दगडात कोंबला? तो बोललाच नव्हता. डॉक्टर बोललेले.

आई म्हणते, "देवानेच नेलं त्यांना." त्याच्यावरच जगतेय ती.

काल तिने माझा हात धरून काखेजवळ ठेवला. गाठ आहे गं, सुपारीएवढी. मी बोलली, "चल, आत्ता जाऊ." तर बोलते, "सोमवारी कौल लावते, मग बघू."

उद्याच सोमवार. उजवीकडे आता पप्पांचा फोटो असतो, समई डावीकडेच राहिलीये. गुपचूप हलवली तर आई डॉक्टरकडे जाईल, पण मग मीच त्या दगडाच्या नावाने खोटं बोलली, आणि ती पुढच्या वेळी परत त्यालाच विचारणार. खरं सांगितलं, तर पप्पा कशाने गेले ते तिला कळेल, आणि ते घेऊन ती कशी जगेल? बोल ना गं, तू काय केलं असतंस?