अनुसयेचे सोमवार

नागपूरच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, "याच आठवड्यात भरती करा. नंतर आणलंत तर मी हात लावणार नाही." आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी उद्यापनाच्या पुऱ्या तळल्या जात होत्या.

माझी धाकटी जाऊ अनुसया मरायला टेकली होती. बालाघाटच्या आमच्या वॉर्डात हे फक्त घरातल्या चौघांना ठाऊक होतं. तिला, तिचा नवरा प्रेमलाल याला, सासूबाईंना आणि मला. मी विमला, थोरली सून, प्राथमिक शाळेत मास्तरीण. वर्गभर पोरं मी एका नजरेत गप्प करते, पण सासूबाईंपुढे माझी छडी चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी अनुसया इतकी जाड होती की खाटेवरून उठताना तिला धाप लागायची. बिचारी खायची आमच्यापेक्षा कमीच, पण सासूबाई 'खायला काळ आणि भुईला भार' हे तिला नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. पुढे रात्री झोपेत तिचा श्वास अडकू लागला. प्रेमलाल तेव्हा भरवेलीच्या खाणीत रात्रपाळीला असे, म्हणून तिला नागपूरला मीच घेऊन गेले. तिथे परदेशाहून शिकून आलेले एक डॉक्टर जाड माणसांचं नवं ऑपरेशन करत होते. आतड्याचा लांबचा रस्ता बंद करायचा आणि जवळचा जोडून द्यायचा, म्हणजे खाल्लेलं अंगी लागायच्या आत बाहेर पडतं. मला ते ऐकूनच कसंसं झालं. अनुसया मात्र लगेच हो म्हणाली.

ऑपरेशननंतर ती खरंच बारीक झाली. सगळी गल्ली बघत राहिली. लोकांना काय सांगायचं हे सासूबाईंनी आम्ही नागपूरहून यायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं.

"पोट फाडलं म्हनलं तर लोक म्हनतीन गर्भपिशवीच काढली," त्या म्हणाल्या. "मंग माह्या प्रेमलालले दुसरी करून दे म्हनतीन. काही सांगाचं नाही. सोमवार धरले, शंकर पावला, बस."

अळीमिळी गुपचिळी. पण गुपित नुसतं गप्प बसत नाही, त्याला पाय फुटतात. बायका नारळ घेऊन येऊ लागल्या. सासूबाईंनी सोमवारांचे नियम करून दिले: दिवसभर पाण्याचा थेंब नाही, इतर दिवशी एकदाच जेवायचं आणि तेही अळणी. एवढ्या बायका दाराशी आल्यावर सासूबाईंनाही बहुधा ते खरं वाटू लागलं. आणि दुसरीकडे देवाची ही लाडकी परसात संडासला जाऊन जाऊन अर्धी झाली होती. केस मुठीने गळत. हाताची बोटं वाकडी होऊन आखडत, मग मी ती चोळून सरळ करायची. उरलेल्या सगळ्या अंगाची काडी झाली आणि पाय मात्र सुजून टम्म झाले. तरी सोमवारी ती नेसून, कुंकू लावून पाटावर बसायची.

मी तिला पुन्हा नागपूरला नेलं, पण पहिले डॉक्टर तोवर परत परदेशी गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या दुसऱ्यांनी तिला तपासलं आणि सांगितलं, यकृत बिघडत चाललंय, बाजूला ठेवलेलं आतडं याच आठवड्यात परत जोडावंच लागेल. जोडलं की खाल्लेलं अंगी लागेल.

"म्हंजे मी पुन्हा तशीच होईन?" अनुसयेने विचारलं.

"जिवंत राहाल," डॉक्टर म्हणाले.

तिने मान हलवली. मला वाटलं, होकार. गाडीत बसल्यावर कळलं की तो नकार होता.

"मी नाही येनार जाऊबाई. पुन्हा तशी होऊन जगन्यापरीस हे बरं हाय."

"तुले मराचं हाय का?"

"मराचं कोनाले असते? पन लोक आता मले पाया पडते. तवा मले पाहून तोंडावर पदर घेऊन हासत होते. तुमी नाही पाह्यलं का?"

पाहिलं होतं. मला तिचा संताप आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही मी गोंदियाला गाडी बदलताना फलाटावर गिळलं.

आणीबाणीच्या त्या वर्षी ऑपरेशन या शब्दाचीच लोकांना धास्ती होती. नसबंदीची गाडी आली की गावंच्या गावं जंगलात पळत. अशात अनुसयेच्या पोटावरचा व्रण बाहेर आला तर गल्ली काय म्हणेल, हे सासूबाई मला रोज ऐकवत. डॉक्टरांनी दिलेला आठवडा सरत आला. मी शाळेत रजा टाकली, उद्यापनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघायचं ठरवलं आणि प्रेमलालला सांगितलं. तो "हौ" म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "आधी उद्यापन होऊन जाऊ दे, मंग पाहू." अनुसयेने पेटी काढलीसुद्धा नाही. तिने गाडीत पाय ठेवेपर्यंत माझा भरवसा नव्हता.

उद्यापनाला दुपारी अंगणात बायका भरल्या. अनुसयेला सासूबाईंनी आणि मी धरून पाटावर बसवलं. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसत होते, आणि बायका एकमेकींना म्हणत होत्या, तेज आलंय.

पाया पडायला पहिली आली सीता. गल्लीतल्या चंपाबाईंची पोरगी, अंगाने भरलेली, तोंडाने गोड. तिला बघायला आलेल्या किरनापूरच्या पाहुण्यांनी 'पोट्टी जाड हाय' असं कळवल्यापासून तिने सोमवार धरले होते. नुसते सोमवारच नाही, गेला आठवडाभर ती पाण्यावर होती, हे आम्हाला नंतर कळलं. ती वाकली आणि तशीच अनुसयेच्या पायांवर कोसळली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली.

मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले, तर सासूबाई मध्ये आल्या.

"पानी नोको पाजू. उपास मोडते. देव आला तिच्या अंगात."

आणि खरंच सगळ्या बायकांनी हात जोडले. तिच्या आईनेसुद्धा. पोरगी मातीत पडलेली, ओठ निळे पडत चाललेले, आणि अंगणभर नुसते जोडलेले हात. मी सासूबाईंना ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा ढकललं, पण त्या भिंतीसारख्या उभ्या राहिल्या.

तेवढ्यात अनुसया ओरडली, "साखर आना."

ती पाटावरून खाली सरकली. माझ्या हातातला तांब्या ओढला, सीतेच्या तोंडावर पाणी मारलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं. कोणीतरी साखर आणली. दातखीळ सुटल्यावर चमच्याने साखरपाणी घातलं, तेव्हा सीता हलली, मग खोकली, मग आईला हाक मारून रडू लागली.

"मोडला उपास," सासूबाई पुटपुटल्या.

"उपास नव्हताच, आत्याबाई," अनुसया म्हणाली. तिने सगळ्या बायकांसमोर पदर बाजूला केला आणि पोट उघडं केलं. बरगड्यांखालून बेंबीपर्यंत उतरलेला जाड, चकचकीत व्रण. "शंकर नाही पावला मले. नागपूरच्या डॉक्टरनं आतडं कापलं. म्हनून बारीक झाली. आन म्हनूनच मरून राह्यली."

अंगणातले जोडलेले हात सुटले. आता शिव्या येणार, नारळ अंगावर येणार, असं मला वाटलं. सासूबाई तिचा पदर ओढून व्रण झाकू लागल्या.

पहिल्या बोलल्या चंपाबाई. पोरीचं तोंड पदराने पुसत, खालच्या आवाजात, अगदी अदबीने.

"त्या डॉक्टरचा पत्ता देता का, बाई?"

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. पण मागच्या दोघीतिघी पुढे सरकल्या होत्या. पत्ता ऐकायला.

"चंपाबाई, तुमाले दिसत नाही का?" मी म्हटलं. "ही मरून राह्यली."

अनुसयेने सीतेचं बोट धरलं आणि स्वतःच्या पायावर दाबलं. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला. "हे मांस नोहे पोरी, पानी हाय. डोळे पाह्य माहे."

सीतेने पाहिलं. नीट पाहिलं. आणि मग मांडीवर पडल्या पडल्याच शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "फिर भी काकू, तुम्हारी गिरस्ती तो बनी रही ना. काका ने दूसरी तो नहीं की."

प्रेमलाल पत्रावळींचा गठ्ठा घेऊन दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. अनुसयेने मान वळवली आणि इतक्या बायकांसमोर सरळ त्याला विचारलं, "मी पुन्हा तशीच झाली, तर ठेवाल का मले?"

प्रेमलालने आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हातातल्या पत्रावळींकडे. वाईट माणूस नाही तो. पण तोंडातून शब्द फुटेना. मी मनात म्हणत होते, अरे बोल, एकदा तरी बोल. आम्ही सगळ्या वाट बघत राहिलो आणि तो तसाच उभा.

अनुसया हसली. ती इतकी हसली की बोटं पुन्हा आखडली.

"पाह्यलं का सीता?" ती म्हणाली. "मी जाडी होती तवा बी हे असेच चूप होते. बारीक झाली तवा बी चूप. आता मरून राह्यली तरी चूप. मंग मी मरू कोनासाठी?"

तिने सीतेला बसतं केलं, पुरी मोडून तिच्या तोंडात घातली, आणि चंपाबाईंना बजावलं की पत्ता मिळणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. मग ती माझ्या खांद्याला धरून उठली.

"जाऊबाई, उद्याच्या गाडीसाठी माही पेटी भरा."

मी आत जाऊन पेटी उघडली. बारीक झाल्यावर तिने आपली सगळी पोलकी कडेने शिवून लहान करून घेतली होती. त्यातलीच वरची दोनचार मी घडी करून ठेवू लागले. ती दाराशी टेकून उभी राहिली, धाप आवरत.

"तसे नोका ठेवू," ती म्हणाली. "त्यांची शिलाई उसवा. परत येताना मोठे लागतीन."