हानुसचा गोल

फेरो बेटांवर वारा सुटला की पेनल्टीच्या वेळी चेंडू जागेवर राहत नाही. मग एक खेळाडू चिखलात पालथा पडून त्याला बोट लावून धरतो आणि दुसरा लाथ मारतो. गावच्या संघात हे बोटाचं काम कायम हानुसकडे. दिवसा मासळीच्या कारखान्यात, संध्याकाळी मैदानावर. देशाकडूनही तो बड्याबड्या संघांशी भिडला होता, पण गडी बचाव फळीतला. साऱ्या कारकिर्दीत नावावर एक गोल नाही, आणि आज त्याचा शेवटचा सामना.

चार-शून्यने मार खात असताना पेनल्टी मिळाली. हानुस सवयीने आडवा झाला.

"ऊठ, दादा," रोई म्हणाला. संघाचे बहुतेक गोल याच पोराचे. "आज बोट माझं, पाय तुझा."

"अरे, मला नुसतं झोपता येतं!"

"दिसलं की. चार गोल होईपर्यंत झोपलाच होतास!"

मैदानाभोवती मोटारींत बसलेल्या गावाने भोंगे वाजवले. हानुसची बायको मार्यून मोटारीची काच खाली करून ओरडली, "हानुस, बुटापेक्षा चेंडू लांब जाऊ दे!"

हानुस धावला, घसरला, चेंडूला जेमतेम धक्का लागला. गोलकीपर भलतीकडेच झेपावून चिखलात लोळला. चेंडू वाऱ्याशी भांडत मुंगीच्या चालीने निघाला. आता पंचाईत अशी, की दुसऱ्या कुणाचा पाय लागेपर्यंत पेनल्टी मारणाऱ्याने चेंडूला पुन्हा शिवायचं नसतं. आणि दुसऱ्या कुणी ढकलला तर गोल त्याचा! मग हानुस मेंढी हाकावी तसा चेंडूच्या बाजूने पळू लागला.

"हुर्र! चल गं बाई, चल!"

तेवढ्यात रोई उठून चेंडूवर धावला. गोल दिसला की त्याला राहवत नसे.

"शिवू नकोस! माझा आहे तो!"

रोईने चेंडूवरून उडी घेतली ती थेट जाळ्यात. उठू पाहणारा गोलकीपर पुन्हा घसरला. मागून चेंडू आला, रेषेवर थबकला, आणि वारा क्षणभर पडला तसा हळूच आत घरंगळला.

सगळे भोंगे एकदम बोंबलले. हानुस हात पसरून मैदानभर गिरक्या घेत सुटला. वाटेत त्याने पंचांना उचललं, खाली ठेवलं आणि गोलकीपरला मिठी मारली.

"अरे, हरताय तुम्ही!" गोलकीपर ओरडला.

"हो ना!" हानुस खिदळला आणि त्याच्या चिखलाने भरलेल्या गालाचा मुका घेतला.