वाढलेलं वजन

मित्रांनो, न्हाणीघराच्या दारामागे टेकवून ठेवलेला जुना वजनकाटा म्हणजे मी. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी तबकडी लखलखत होती. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला घरी आणलं. पहिल्या दिवशी घरातले सगळे हसत हसत माझ्यावर चढले. नंतर मी फक्त बाईंचा झालो.

त्या रोज सकाळी अनवाणी येत आणि श्वास रोखून खाली बघत. आकडा वाढला की दिवसभर उपाशी, घटला तरी उपाशीच. संध्याकाळच्या दारूने वजन वाढू नये म्हणून त्यांनी जेवणावर काट मारली होती. त्यांच्या तळव्यांची थरथर सगळ्यांत आधी मला कळायची आणि माझी स्प्रिंग आकसायची. पण मला तोंड कुठे होतं?

मग एका वर्षी आकडा चढू लागला.

"बघ, अंगाला लागायला लागलं!" म्हणत त्यांच्या नवऱ्याने माझ्यावर कौतुकाने थाप मारली. परगावी राहणारी लेक फोनवर म्हणाली, "शाब्बास आई! आता मी निर्धास्त." बाई मात्र घाबरल्या. उरलासुरला घासही त्यांनी सोडला. पेला सुटला नाही.

माझ्यावर आता सुजलेले पाय टेकत. मी मात्र आकडाच दाखवत राहिलो. वजन किती ते मला कळतं. कशाचं ते कळत नाही.

लेक सुट्टीला आली. आईसाठी गाऊन शिवायचा म्हणून तिने न्हाणीघराच्या दारातच टेप काढली.

"आई, खांदे दोन बोटं उतरलेत. मग पोटाचा घेर कसा वाढला?"

"टेप उलटी धरली असशील. माझी पोर आणि माप घेता येईना!"

लेक हसली नाही. तिचा हात आईच्या ताठ, फुगलेल्या पोटावर थबकला.

"बाबा, गाडी काढा. आत्ता."

दुसऱ्या दिवशी बाप-लेक दोघंच दवाखान्यातून घरी आली. "ते वजन नव्हतंच, बाबा. लिव्हर गेलंय. पोटात पाणी साठलंय."

"आणि मी शाबासकी देत होतो गं..."

बाई परत आल्या नाहीत.

मित्रांनो, आता माझ्यावर कोणी चढत नाही. त्याचं दुःख नाही. भीती वाटते ती इतर घरांची, जिथे आत्ताही कोणी आकडा पाहून निर्धास्त होत असेल. तुमचं माणूस जेवण टाळून पेला धरत असेल, तर काट्याला विचारू नका. त्याचा हात धरा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. ते चिडेल, हसण्यावारी नेईल. तरी न्या. आजच.