मंद उजेडातले मासे

"माशांना दिसतं का, याची हिला रात्रंदिवस काळजी. बापाची साखर चहात पडली की ओट्यावर, त्याची नाही," बाबा हातातल्या कपाकडे तोंड करून पुटपुटले.

ती हातभर अंतरावरच होती. साखर खरोखर ओट्यावर सांडली होती. तिने ती फडक्याने गोळा केली आणि घाईवर खापर फोडलं. घाई बिचारी कधी तक्रार करत नाही.

बाबांची नजर चाळिशीनंतर गेली. आधी रात्रीची, मग दिवसाची. दोष एकाच जनुकातला. एवढ्या लांबलचक मजकुरात एक अक्षर बदललेलं. ते तिच्यात उतरलं असण्याची शक्यता निम्मी. तपासायला थोडंसं रक्त पुरलं असतं, आणि ती तपासणी तिच्याच प्रयोगशाळेत व्हायची. पण ह्या बाईंना सवड कुठे? त्या त्याच जनुकावर संशोधन करत होत्या.

तोच दोष असलेले बोटाच्या पेराएवढे मासे तिने पाळले होते. अंडं एका पेशीचं असतानाच बारीक सुईने त्यात जनुक कापणारी कात्री सोडायची आणि बिघडलेलं अक्षर दुरुस्त करायचं. शेजारणींना ती हे इतकं सोपं करून सांगायची, की त्या विचारत, आमच्या ह्यांचा स्वभाव तेवढा बघतेस का.

मासे मोठे झाले की परीक्षा. खोलीत जेमतेम उजेड ठेवून काचेच्या भांड्याभोवती काळे-पांढरे पट्टे फिरवायचे. दिसणारा मासा पट्ट्यांमागे जातो, न दिसणारा भरकटतो. तिने शेजारी बसून, डोळे ताणून पाहिलं आणि एकजात सगळे नापास केले. दुरुस्ती फसली, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना मोठ्या मनाने सांगितलं. अपयश कसं पचवावं, यावर नव्या मुलींना छोटंसं भाषणही दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने अंधारातही टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. पडद्यावर मासे शहाण्यासारखे पट्ट्यांमागे फिरत होते. सगळे नाही, पण पुष्कळ. आणि भांड्याला नाक लावून बसलेली एक बाई ठामपणे मान हलवत होती: नाही, नाही, नाही.

सर म्हणाले, नुसत्या डोळ्यांनी पाहायची पद्धतच जुनाट. मैत्रीण म्हणाली, उजेड फारच कमी होता. त्याच उजेडात ही मैत्रीण खुर्च्या, वायरी चुकवत सरळ कॅमेऱ्यापर्यंत गेली होती, हे दोघींनाही आठवत होतं. पण दोष पद्धतीचा, यावर एकमत झालं. सगळ्यांत जोरात मान हिनेच डोलावली.

संध्याकाळी तिने हा किस्सा बाबांना रंगवून सांगितला. मासे पास झाले आणि परीक्षक नापास, म्हणून स्वतःच पोट धरून हसली. बाबा हसले नाहीत. मग तिला थांबवेना. नवी पद्धत कशी असेल, कॅमेरे किती लागतील, सर कुठून मंजुरी आणतील, ती सांगतच सुटली.

"पद्धत राहू दे," बाबा म्हणाले. त्यांनी हाताने चाचपून तिचं मनगट धरलं. "दिवेलागणीनंतर तू भिंतीला हात घासत चालतेस. मला कधीपासून ऐकू येतंय. तुला दिसत नाही, पोरी. माझ्याकडूनच आलंय ते."