नववी जाळी

“सापडली का?” वरून क्लेम होस्किंग ओरडला.

त्या वेळी नेव्ह ट्रेगेंझा क्लेमच्याच बैठकीच्या खोलीखाली पोटावर पसरला होता. घराच्या लाकडी फळ्या आणि खालची माती यांच्यामध्ये जेमतेम दोन हात जागा. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात त्याला फळीतून खाली आलेली बारीक तार दिसली. त्याने ती दोनदा ओढली, वरून क्लेमने दोनदा ओढून उत्तर दिलं. म्हणजे जागा पक्की. वरून आधी बारीक भोक पाडायचं, तार खाली सोडायची, खालच्याने ती हुडकायची आणि मग तिथे ऊब सोडणाऱ्या जाळीसाठी मोठं भोक कापायचं, अशी या कामाची रीत. पूर्वी तार सोडायला रे नावाचा जोडीदार असायचा. त्याची पाठ गेली आणि तेव्हापासून नेव्ह घरमालकांनाच हाताशी धरू लागला. मालकही खूश, कारण चहा पीत उभं राहण्यापेक्षा तार ओढणं बरं दिसतं.

एकसष्ट वर्षांच्या आयुष्यातली तीस वर्षं नेव्हने ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावच्या लोकांच्या पायाखाली काढली होती. गॅसचा हीटर घराबाहेर बसवायचा, त्यातून निघणाऱ्या जाड नळ्या फळ्यांखालून खोल्याखोल्यांत न्यायच्या. गावातली निम्मी घरं त्याने अशी उबदार केली. स्वतःच्या घरात मात्र अजून लाकडाची शेगडी होती. त्यावरून त्याची बायको शर्ली त्याला पाहुण्यांसमोर टोमणे मारायची, आणि तो पुढच्या वर्षी नक्की म्हणायचा.

खाली पडल्यापडल्या माणसं पावलांवरून कळतात. नवरा-बायको एकमेकांच्या वाटेतून कसे बाजूला होतात, कोण कुणाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतं, हे सगळं डोक्यावर चाललेलं असतं. नेव्हने त्यातलं एक अक्षर कधी वर नेलं नाही. हा त्याचा नियम होता आणि त्याला त्याचा अभिमानही होता. होस्किंगांच्या घरात एका सकाळीच त्याने दोघांना ओळखून टाकलं. क्लेमचे रेल्वेच्या कारखान्यातले जड बूट, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी पायांत तेच. डल्सीच्या सपाता, दर चार पावलांना दम खायला थांबणाऱ्या. आणि दोघांपैकी कुणाचंही पाऊल पूर्वेच्या कोपऱ्यातल्या खोलीत पडत नव्हतं.

आठ जागा ठरल्या होत्या. पूर्वेची खोली त्यात नव्हती, पण नळी तिच्याखालून न्यावी लागत होती. नेव्ह कोपरांवर सरकत तिथे पोचला तेव्हा स्वयंपाकघरात सपाता होत्या आणि परसात क्लेम लाकडं फोडत होता. डोक्यावर बरोबर त्या खोलीत कुणीतरी पाय घासत होतं.

चालणं नव्हतं ते. थंडीत माणूस पलंगाच्या कडेला बसून एका पायाचा तळवा दुसऱ्या पायावर घासतं, तसा आवाज. थोडं घासायचं, थांबायचं, पुन्हा घासायचं. अनवाणी पाय, आणि वजन फारसं नाही.

घरात शिरणारा पॉसम असेल, मांजराएवढं जनावर, असं नेव्हने स्वतःला सांगितलं. पण पॉसम खरवडतो, त्याला नखं असतात. नेव्हला एरवी शीळ घालत काम करायची सवय, पण जमिनीखाली शीळ घालायची नाही हा त्याच्या खाणकामगार आजोबांचा दंडक तो पाळत आला होता. खाली जे कुणी असतं ते शीळ ऐकून उत्तर देतं, असं आजोबा म्हणायचे. आज शीळ घातली नव्हती याचं त्याला फार बरं वाटलं. त्याने नळी तिथेच टाकली आणि चहाची वेळ झाली असं ठरवून टाकलं.

डल्सीने गरम स्कोन आणि जॅम पुढे ठेवलं. बाहत्तर वर्षांची, पाखराएवढी बाई, अंगात दोन स्वेटर आणि वर नवऱ्याचा कोट. घर होतंच तसं गार. डॉक्टरांनी तिच्या छातीचं निदान करून क्लेमला बजावलं होतं, घर गरम करा नाहीतर हिला वृद्धाश्रमात ठेवा. म्हणून तर हे काम निघालं होतं.

“एक विचारू का राजा?” तिने मागच्या दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “आठाच्या नऊ होतील का रे?”

“होतील की. कुठे हवी?”

“ग्लेनिसच्या खोलीत. पूर्वेच्या. मुलगी आमची. होती.” ती थांबली. “क्लेमला नाही सांगायचं. तो जात नाही तिकडे. तू खालच्या खाली करून टाक ना.”

“मिसेस होस्किंग, जाळी वर दिसते हो. आणि मालकानं आखून दिलंय, मी कसा बदलू?”

“तिला थंडी वाजते रे.” डल्सीने हे अगदी साधेपणाने सांगितलं. “हिवाळा लागला की पाय घासत बसते. लहानपणापासूनची खोड तिची. बावीस वर्षं ऐकतेय मी. क्लेमला कधी बोलले नाही. तो उद्ध्वस्त होईल.”

नेव्हच्या हातातला स्कोन बशीत परत गेला. मीही ऐकलं आत्ता, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण नियम म्हणजे नियम. त्याने चहा संपवला आणि उठला.

दुपारी त्याने एक घोळ घातला. त्या घराच्या वापरातल्या प्रत्येक खोलीत छताजवळ जुन्या पद्धतीचा हवेचा झरोका होता, एकूण एक उघडा, आतून ब्रशने घासून लख्ख ठेवलेला. त्यातून जूनचा, ऐन हिवाळ्याचा वारा सरळ आत येत होता. असे झरोके उघडे ठेवले तर नवी ऊब त्यातून निघून जाते. म्हणून या धंद्यातली माणसं जाता जाता नळ्यांना गुंडाळून उरलेली ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर, त्यात कोंबून देतात. न सांगता, गिऱ्हाइकावर उपकार म्हणून. नेव्हने तीस वर्षं तेच केलं होतं. त्याने शिडी लावली आणि तीन झरोके बुजवले.

चौथ्याला हात घातला आणि खालून शिडी हलली.

“काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!” क्लेमचा चेहरा पांढराफटक पडला होता. नेव्ह उतरेपर्यंतही तो थांबला नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो आडदांड म्हातारा खुर्चीवर चढून झरोक्यातली ग्लासवूल बोटांनी ओरबाडून काढू लागला.

“क्लेम, अहो, ऊब जाईल सगळी...”

“जाऊ दे!” तिन्ही झरोके मोकळे झाल्यावर तो त्याच खुर्चीवर बसला. बराच वेळ त्याला धाप लागली होती. मग तो भिंतीकडे पाहून बोलला. “बाहत्तर सालचा जून. पोरगी म्हणाली, बाबा, त्या भोकातून वारा येतो. एकोणीस वर्षांची होती. मी म्हटलं, थांब, बुजवतो. वर्तमानपत्राचे बोळे करून गच्च बसवले. या हातांनी. कामं चोख करायची सवय मला. तिनं रॉकेलचा हीटर आत नेला, दार लावून घेतलं. त्याचा विषारी वायू, ना वास ना धूर. सकाळी डल्सी चहा घेऊन गेली.”

नेव्ह खाली पडलेला ग्लासवूलचा कपटान् कपटा गोळा करत राहिला.

“त्या खोलीत नळी नाही, जाळी नाही, गॅस नाही. समजलं?”

“गॅस बाहेरच्या पेटीत जळतो, क्लेम. ज्योत बाहेर. घरात येते ती नुसती गरम हवा.”

“बोळे बसवताना मीही असंच काहीतरी सांगितलं होतं तिला,” क्लेम म्हणाला, आणि बूट आपटत परसात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण डल्सीला डॉक्टरकडे घेऊन गेली. क्लेम फाटकातून पायी बाहेर पडताना नेव्हने पाहिला. घर रिकामं. नेव्ह फळ्यांखाली शिरला आणि नळ्यांचे पट्टे ठोकत ठोकत पूर्वेकडे सरकू लागला. त्या खोलीखाली आल्यावर त्याने हातोडी ठेवली. ठेवायची नव्हती, पण ठेवली.

वर पाय घासणं चाललं होतं. पलंगाच्या पायथ्याच्या बाजूला, कालच्याच जागी.

त्याने दिवा फळ्यांवर रोखला. फळ्या आपल्या जागी, फटींमध्ये कोळ्यांची जुनी जाळी. आवाज थांबला. मग दुसऱ्या कोपऱ्यात, दाराच्या बाजूला, ड्रिल गुरगुरलं. लाकडाचा भुसा नेव्हच्या मानेवर पडला. फळीतून चकाकतं टोक बाहेर आलं, मागे गेलं, आणि त्या भोकातून एक तार सावकाश खाली उतरली.

तीस वर्षांत नेव्हने साप पाहिले होते, मेलेली मांजरं पाहिली होती, एकदा तर बनावट दातांची अख्खी कवळी सापडली होती. पण इतका तो कधी घाबरला नव्हता. अंग मातीला चिकटून राहिलं, हलायलाच तयार नाही. तार लोंबत राहिली. मग ती दोनदा ओढली गेली.

नेव्ह बघत राहिला. पुन्हा दोनदा.

“अरे, झोपलास का खाली?” वरून क्लेमचा आवाज आला. “दोनदा ओढल्यावर उत्तर द्यायचं असतं ना? मग दे की!”

नेव्हने तार दोनदा ओढली. बाहेर येऊन त्याने अंगावरची माती झटकली. घरात शिरला तर ओट्याजवळ क्लेमचे बूट काढून ठेवलेले, आणि पूर्वेच्या खोलीचं दार उघडं. क्लेम मोजे घालून जमिनीवर फतकल मारून बसला होता, शेजारी नेव्हचंच ड्रिल.

“बूट घालून आलेलं चालायचं नाही पोरीला,” तो म्हणाला. “रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. काल तू गेल्यावर त्या पेटीपाशी उभा होतो मी. ज्योत बाहेर, ऊब आत, म्हणालास तू. मग डोक्यात आलं, घरभर आठ ठिकाणी ऊब आणि इथंच गारठा. म्हणजे पुन्हा मीच तिला थंडीत ठेवणार.”

“क्लेम, तुमच्याबरोबर आत्ता इथं कोण होतं?”

“कोण असणार?”

“कुणीतरी पाय घासत होतं. तिकडे, पलंगापाशी.”

क्लेमने पलंगाकडे पाहिलं. चादर ताणून घातलेली, तिच्यावर एक सुरकुती नव्हती. तो दारापासून पुढे सरकलाच नव्हता. धुळीत त्याच्या मोज्यांचे ठसे तिथेच संपत होते.

“म्हणजे तुलाही येतं ऐकू,” तो शेवटी म्हणाला. “बावीस वर्षं मला वाटत होतं, माझंच डोकं फिरलंय. डल्सीला सांगितलं असतं तर तिनं हाय खाल्ली असती.”

खालचं वर न्यायचं नाही, वरचं बाहेर न्यायचं नाही. तीस वर्षं निभावलेला नियम नेव्हने मोडला.

“मिसेस होस्किंगना विचारा,” तो म्हणाला.

“काय विचारू?”

“हेच. त्यांना काय ऐकू येतं ते.”

क्लेमने डल्सीला विचारलं की नाही, कधी विचारलं, हे नेव्हला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा दोघांचेही डोळे सुजलेले होते आणि दोघं एकाच बाकावर, एकाच चहाच्या किटलीपाशी बसली होती. पूर्वेच्या खोलीतली धूळ पुसलेली होती.

दुपारी चारला त्याने हीटर पेटवला. आधी नव्या पत्र्याचा वास आला, मग धूळ भाजल्याचा, मग ऊब. प्रत्येक जाळीवर तळहात धरत तो घरभर फिरला. नवव्या जाळीशी आला तेव्हा दोघं दारात उभी होती.

“एक राहिलंय,” नेव्ह म्हणाला. “सोडलेली हवा हीटरकडे परत जायला वाट लागते. दार बंदच ठेवणार असाल तर खालून इंचभर तासून देतो. नाहीतर मग...”

“तासू नकोस,” डल्सी म्हणाली.

“उघडंच राहू दे,” क्लेम म्हणाला, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

नेव्हला तिथे थांबवेना. खालचे सांधे तपासायचे राहिलेत असं काहीतरी पुटपुटून तो बाहेर पडला आणि शेवटचा एकदा फळ्यांखाली शिरला. सांधे खरंच तपासायचे होते. एकेक करत तो पूर्वेच्या खोलीखाली पोचला. नळी आता त्याच्या खांद्याशी गरम झाली होती आणि खालची माती मात्र होती तशीच गार.

वर मोज्यांचे दोन पाय आले, मागोमाग सपाता काढलेले दोन. चारही पाय पलंगाजवळ थांबले. पलंगाची स्प्रिंग करकरली, म्हणजे डल्सी बसली असावी.

मग कुणी काही केलं नाही. नळीतून हवा मंद वाहत होती. नेव्हही कान देऊन होता. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. पाय घासल्याचा आवाज आला नाही.

“येत नाही रे,” फळ्यांमधून डल्सीचा आवाज आला. “क्लेम, येत नाही आता.”

“ऊब मिळाली तिला.”

“मग गेली ती.”

“हो. गेली.”

डल्सी रडू लागली, आधी हळू आणि मग अगदी मोकळेपणाने. क्लेम तिच्याशेजारी बसला. स्प्रिंग दुसऱ्यांदा वाजली. आपण या दोघांना ऊब दिली आणि त्यांची मुलगी नेली, असं नेव्हला वाटलं, आणि त्यावर त्याच्याकडे काही उपाय नव्हता. गारठ्याने त्याचे पाय बधिर होत चालले होते, बुटातली बोटं एकमेकांवर घासावीत अशी अनावर इच्छा होत होती. पण वर ती दोघं अजून कानोसा घेत बसली होती. नेव्हने कपाळावरचा दिवा विझवला, पाय मातीवर सरळ ठेवले, आणि ती उठून जाईपर्यंत बोटसुद्धा हलवलं नाही.