न्यारीच्या आधी

भिंतीवरच्या कॅलेंडरात मंगळवारच्या चौकोनांत एकही टिंब नव्हतं. बाकीच्या वारांना होती. एखाद्या आठवड्यात तीन, एखाद्यात पाच. निळ्या पेनाची, मोहरीएवढी, तारखेच्या उजव्या कोपऱ्यात नेमकी एकाच जागी. समतानं मार्चचं पान उलटून फेब्रुवारी पाहिला, मग जानेवारी. दहा मंगळवार कोरे. उरलेल्या साठ दिवसांत एकेचाळीस टिंबं.

"आई, ही टिंबं कशाची?"

"गरगरल्याची," महामाया भाकर थापता थापता म्हणाली. "ज्या दिशी गरगरलं त्या दिशी टिंब. जास्त झालं तं जाड टिंब."

अठरा फेब्रुवारीचं टिंब खरंच जाड होतं. त्या दिवशी दहाच्या सुमारास महामाया वावरात पडली होती. शेजारच्या वावरातल्या कय्यूमभाईंनी तिला मोटरसायकलवर बसवून, मागं आपल्या बायकोला, अख्तरीला, धरायला बसवून जळगाव जामोदला नेलं होतं. समताला पुण्यात फोन गेला तेव्हा ती प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत होती. तिनं त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं की आता बस झालं. आई पुण्याला येईल. चार दिवसांची रजा, शेगावहून पुण्याची दोन तिकिटं, असं सगळं करूनच ती गावी आली होती.

महामायाचं मात्र काही ठरत नव्हतं. वडील, दयाराम, गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून सातपुड्याच्या पायथ्याची ती तीन एकर एकटी महामाया वाहत होती. कय्यूमभाईंनी गेल्या साली विचारलं होतं, "भाभी, वावर मक्त्यानं देता का? तुमचाबी त्रास वाचंल." महामाया म्हणाली होती, पाहू. या दिवाळीला पुन्हा विचारलं, पुन्हा पाहू. वर्षभरासाठी वावर दुसऱ्याला कसायला द्यायचं त्या मक्त्याचं साल पाडव्याला पालटतं आणि पाडवा आठवड्यावर आला होता. ती पडल्यापासून कय्यूमभाईंनी विषयही काढला नव्हता. त्यांच्या त्या गप्प राहण्यामुळेच महामायाला उत्तर देणं जास्त जड झालं होतं.

"जळगाव जामोदचे डॉक्टर म्हणाले उन्हानं झालं असेल," समता म्हणाली.

"ऊन नाही ते." महामायानं तव्यावरची भाकर उलटली. "मले पयले तसंच वाटलं. म्हणून आठ दिवस डोक्यावर ओला फडका घेतला. तरी गरगरलं. मंग म्हटलं पाणी असंन. आठ दिवस घरचं पाणी नेलं, वावरातल्या हिरीचं पेली नाही. तरी तेच. मंग चहा सोडला. त्यानं तं जास्तच झालं, म्हणून पुन्हा धरला."

"फडका आणि पाणी एकदमच का नाही करून पाहिलंस?"

"एकदम केलं अन् थांबलं, तं कोन्यानं थांबलं ते कसं समजंन?"

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, हे समताला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला कितीतरी नमुने वाया घालवल्यावर समजलं होतं. आईची शाळा चौथीत सुटली होती.

आठ वाजता महामायाच्या मोबाइलचा गजर वाजला. तिनं जानेवारीपासून सुरू झालेल्या मधुमेहाच्या गोळीचं पाकीट काढलं, एक गोळी घेतली, पाणी प्याली. मग फडक्यात भाकरी, ठेचा आणि कांदा बांधला आणि म्हणाली, "चाल, येतं का वावरात? पऱ्हाटी उपटाची राह्यली."

समता निघाली. पर्समध्ये तिनं पुण्याहून आणलेलं साखर मोजायचं यंत्र होतं.

वावरात महामाया वाकली ती वाकलीच. कापसाची वाळलेली झाडं चिमट्यात धरून मुळासकट उपसायची आणि बाजूला रचायची. तिच्या मागं ढिगारे सारख्या अंतरावर पडत गेले. समतानं अर्ध्या तासात हात टेकले. साडेनऊनंतर मात्र महामायाचा वेग उतरला. पावणेदहाला तिनं चिमटा खाली ठेवला आणि वावराच्या कडेला धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली येऊन बसली. कपाळावर घाम होता, आणि हवा तर अजून तापलीही नव्हती. बोटं थरथरत होती.

समतानं आईच्या बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला, अठ्ठावन्न.

"किती आहे?"

"कमी आहे. फार कमी. गूळ आहे का?"

गूळ होता. अलीकडं तो फडक्यात असायचाच, कारण गुळानं बरं वाटतं हेही महामायानं शोधून ठेवलं होतं. गूळ खाऊन दहा मिनिटांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं फडक्याची गाठ सोडली.

"आज न्यारी लवकर करून घेतो," ती म्हणाली. "नाही तं अकराले करतो."

न्यारी. हा शब्द समतानं वीस वर्षांत उच्चारला नव्हता. पुण्याला वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात ती सहज म्हणून गेली होती, "माझी न्यारी व्हायची आहे." खोलीतली सुवर्णा पलंगावर लोळून हसली होती. "न्यारी? म्हणजे न्यारी की प्यारी?" पुढं महिनाभर तिला सगळ्या न्यारी-प्यारी म्हणत होत्या. त्यात वाईट हेतू नव्हता, पण समतानं शब्द बदलला. मेसमध्ये नाश्ता म्हणायचे, ती नाश्ता म्हणू लागली. नोकरी लागल्यावर साहेब मंडळी ब्रेकफास्ट म्हणायची, तर तिथं तेही. अलीकडं तर महागड्या हॉटेलांच्या पाटीवर 'न्याहारी' असं वळणदार अक्षरात लिहिलेलं दिसायचं आणि लोक ते कौतुकानं वाचायचे. तेव्हाही तिला आपली न्यारी आठवली नव्हती.

"आई, थांब. आठ वाजता गोळी घेतलीस. त्यानंतर काय खाल्लंस?"

"काई नाही. चहा साडेपाचले झालता."

"पण मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं ना, नाश्त्याआधी."

"हाव. आधीच तं घेतो."

"मग नाश्ता?"

"कोनता नाश्ता?" महामायानं भाकरीचा तुकडा मोडला. "आपल्यात कोन करते नाश्ता? नाश्ता म्हणजे शेगावले गेलो तं कचोरी, नाही तं पाव्हणे आले तं पोहे. रोज थोडीच."

"अगं, मग तू आठची वेळ कुठून काढलीस?"

"तूच तं सांगतं. सकाळी फोन केला का म्हणतं, आई, नाश्ता करून राह्यलो, मंग बोलू. तवा आठच वाजलेले असतात. मंग मी अख्तरीले इचारलं. ते म्हणे आमच्यात आठ वाजता नाश्ता, रातचं उरलेलं सालन अन् रोटी. म्हटलं दोघीईची वेळ एकच आहे, तं हेच बरोबर." ती थांबली. "अन् चिठ्ठीत खाय म्हणून कुठं लिहिलं होतं? नाश्त्याच्या आधी घे लिहिलं. घेतली."

समताला हसू आलं, आणि लगेच तो मूळचा कागदही आठवला. गोळी सुरू करणाऱ्या डॉक्टरांनी त्यावर आपल्या भाषेत लिहिलं होतं ते दिवसाच्या पहिल्या जेवणाआधी असं. त्याचं मराठी समतानं केलं होतं, पुण्याच्या घड्याळानं आणि पुण्याच्या ताटानं. ही गोळी पोटात गेली की साखर खाली ओढते. पाठोपाठ अन्न यायलाच हवं. आईच्या पोटात ते तीन तासांनी जात होतं, आणि त्या तीन तासांत ती पऱ्हाटी उपटत होती.

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी बाजार नाही का? नवाचा ऑटो असते. बाजारात फडकं सोडून कुठं बसाव, म्हणून साडेआठलेच घरून जेवून निंघतो."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं की समताला वाटलं, उत्तर तर हिच्याच भिंतीवर दहा आठवडे लिहिलेलं होतं. नोंद चोख होती, प्रयोग बरोबर होते. चूक होती ती बाहेरून आलेल्या एका शब्दात, आणि त्या शब्दावर आईनं शंका घेतली नव्हती, कारण तो लेकीनं लिहिला होता.

"माझंच चुकलं, आई."

"चुकलं काय त्यात. तू तिथं बसून लिहिलं, मी इथं बसून वाचलं." महामायानं तिच्यापुढं अर्धी भाकर सरकवली. "खाय. तुयी न्यारी व्हाची आहे."

समतानं तिथूनच गोळीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पहिल्या जेवणाआधीच म्हटलं होतं मी. अकराला जेवत असतील तर अकराला गोळी, आणि चार दिवस मोजून मला कळवा. घरी आल्यावर तिनं नवी चिठ्ठी लिहिली. 'सकाळी नाश्त्याआधी'च्या जागी लिहिलं, 'वावरात, न्यारीचं फडकं सोडलं की.' रात्रीच्या गोळीपुढं 'सांजच्या जेवणाआधी'. महामायानं ती वाचली, मोबाइलमधला आठचा गजर काढून टाकला आणि म्हणाली, "आता समजलं."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पावणेदहाला आकडा आला एकशे चोवीस. शनिवारी एकशे एकोणीस. जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा मोजलं, तेही ठीक. महामायानं स्वतः बोट पुढं केलं, सुई स्वतः टोचायला शिकली, आणि शनिवारी दुपारी म्हणाली, "उद्या मी रोजच्यापेक्षा जास्त काम करून पाह्यतो. कमी काम केलं म्हणून आकडा चांगला आला असंन तं?"

समतानं मान डोलावली. हा प्रश्न खरं तर तिला पडायला हवा होता.

रविवारी महामायानं पऱ्हाटीच्या उरलेल्या चारही ओळी न थांबता उपटल्या. पावणेदहाला एकशे सहा. तिनं यंत्राकडं पाहिलं, मग रचलेल्या ढिगाऱ्यांकडं. तिकिटं सोमवारची होती. समताची बॅग अर्धी भरलेली होती. आईची पिशवी तिनं खुंटीवरून काढून खाटेवर ठेवली होती, ती तशीच रिकामी पडली होती. दोन दिवस दोघी त्या पिशवीला वळसा घालून चालत होत्या.

संध्याकाळी कय्यूमभाई आले. मागून अख्तरी, हातात झाकलेली वाटी.

"तब्येत कशी आहे, भाभी?"

"बरी. तुमच्या नाश्त्यानं पाडलं होतं मले."

कय्यूमभाई गोंधळले. समतानं सगळं सांगितलं. अख्तरी तोंडाला पदर लावून हसत सुटली. "या अल्ला. मले काऊन इचारलं मंग? इचारलं तं मी माह्या घरचं सांगितलं."

"तुले इचारल्याबिगर पान हालते का माह्यं," महामाया म्हणाली. "रातच्या सालनावर तू जगतं, अन् पडतो मी."

हसणं ओसरलं. कय्यूमभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग ते समताकडं वळले. "ताई, मी आज इचारायले आलो नाही. पन पाडवा आला. तुम्ही भाभीले नेऊन राह्यले, असं गावात म्हणतात. वावर पडीत राहू नये, एवढंच. मले नाही दिलं तरी चालते. कोनालेबी द्या, पन पडीत नका ठेवू."

हा माणूस भला होता. त्याला वावर हवं होतं आणि तरी तो ते मागत नव्हता. समताच्या ओठांवर बोलणं तयार होतं. तीन आठवडे तिनं ते मनात घोळवलं होतं. डॉक्टर जवळ, दवाखाना जवळ, एकटीनं राहायचं नाही. त्यातली कुठलीही गोष्ट खोटी नव्हती. पण रविवारचा एकशे सहाही खोटा नव्हता, आणि तो तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता.

"कय्यूमभाई," ती म्हणाली, "वावर आईचं आहे. तिलाच विचारा."

कय्यूमभाई महामायाकडं वळले. अख्तरीनं वाटी खाली ठेवली. महामायानं पदराला हात पुसले, लेकीकडं एकदा पाहिलं आणि मग सरळ त्यांच्याकडं पाहत, भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात म्हणाली,

"वावर मक्त्यानं देत नाही, भाऊ. यंदाबी मीच वाहतो."