घरातल्या फोनांचं जाळं

संगणकाच्या मदतीने समाजाचा अभ्यास शिकवणाऱ्या बाईंनी वर्गाला काम दिलं: घरच्यांना विचारून त्यांच्या वर्षभराच्या फोनच्या नोंदी घ्या आणि कोण कोणाशी किती बोलतं त्याचं जाळं काढा. “नुसते आकडे तर आहेत, ने की,” बाबा धाकटीला म्हणाले. आईनेही मान हलवली.

वर्गातल्या पडद्यावर ठिपके आणि रेघा उमटल्या; जितकं बोलणं जास्त, तितकी रेघ जाड. बाबांची सर्वांत जाड रेघ दादाच्या जुन्या नंबराला भिडली होती. नऊ वर्षांपूर्वी भांडून घर सोडलेल्या दादाचं नाव काढायचीही घरात सोय नव्हती. आणि आईची जाड रेघही तिथेच! धाकटीने तीनदा तपासलं, मग तोच नंबर लावला.

“दादा, दोघंही?”

“बाबा गुरुवारी, आई सोमवारी. दोघंही बजावतात, दुसऱ्याला कळू देऊ नकोस.”

घरी येऊन तिने तो कागद आई-बाबांसमोर टेबलावर पसरला. आईने दोन्ही जाड रेघांवरून बोट फिरवलं.

“मी नऊ वर्षं नळ सोडून बाथरूममध्ये बोलतेय,” ती म्हणाली. “आणि तुम्ही?”

“गच्चीवर,” बाबा पुटपुटले.